वसईची उषा किरण आणि आपल्या मुली

‘बावर्ची’ सिनेमातलं शांती निवास आठवतं का? भांडकुदळ कुटुंब, एकही नोकर टिकत नाही, आणि एके दिवशी राजेश खन्ना स्वयंपाकी बनून दारात येतो. त्या घरातल्या दोन सुना दोन मराठी अभिनेत्रींनी केल्या होत्या. थोरली दुर्गा खोटेंनी, आणि धाकटी उषा किरण यांनी. ‘चुपके चुपके’मध्ये शर्मिला टागोरची मोठी बहीण, म्हणजे ओमप्रकाशची बायको, तीही उषा किरणच. ‘मिली’मध्ये आजारी जया भादुरीची आई, तीही त्याच.

चेहरा सांगितला की लोक लगेच ओळखतात. नाव सांगितलं की थोडा विचार करतात. आणि या बाई आपल्या वसईत जन्मल्या असं सांगितलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. शिक्षकांच्या खोलीतही हा अनुभव मी घेतला आहे. म्हणून ठरवलं, एकदा सगळं नीट लिहून काढू.

उषा किरण म्हणजे उषा बाळकृष्ण मराठे. जन्म २२ एप्रिल १९२९, वसई. त्या काळातली वसई डोळ्यांपुढे आणून बघा. पालघर जिल्हा तर २०१४ साली झाला, तेव्हा सगळा ठाणे जिल्हाच. विजेवरची लोकल १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत पोहोचली होती, पण विरारपर्यंत यायला १९३६ उजाडलं. म्हणजे या मुलीच्या जन्माच्या वेळी वसईहून मुंबईला जायचं ते वाफेच्या गाडीने. केळीच्या बागा, पानमळे, किल्ला, चर्चच्या घंटा, मशिदीची अजान, मासळीबाजार. वाडवळी, सामवेदी, कोळी, आगरी, आपल्या मुसलमानांची बोली, अशा किती तरी भाषा एका तालुक्यात. गाव लहान होतं, पण कान मोठे होते. अशा गावातल्या मराठी मध्यमवर्गीय घरातली ही मुलगी. मराठ्यांच्या पाच मुलींपैकी एक.

पाच मुली. आजही कोणाला पाच मुली आहेत म्हटलं की आपल्या बायका गालावर हात ठेवतात. मग तेव्हाची गोष्ट काय असेल! अशा घरातली मुलगी नाटकात गेली. मो. ग. रांगणेकरांच्या ‘आशीर्वाद’ नाटकातून तिने रंगभूमीवर सुरुवात केली. पुढे १९४८ साली उदयशंकर यांच्या ‘कल्पना’ या नृत्यपटात ती दिसली. भारतीय नृत्यावर उभा केलेला हा सिनेमा त्या वेळी फार चालला नाही, पण त्याची किंमत पुढे जगाला कळली. खराब झालेली प्रत दुरुस्त करून तो २०१२ मध्ये कान महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

इथे थोडं थांबून मागे बघायला हवं. मुलीने पडद्यावर जाणं म्हणजे त्या काळी नेमकं काय होतं?

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीची भूमिका करायला एकही बाई तयार झाली नाही. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाने साडी नेसून तारामती केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई अशा दोघी पडद्यावर आल्या. १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. या देशातली पहिली स्त्री दिग्दर्शक एक मुसलमान बाई होती, हे आपल्याच मुलींना माहीत नसतं. तिचीच मुलगी जुबेदा १९३१ च्या ‘आलम आरा’ची, म्हणजे पहिल्या बोलपटाची नायिका. आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटेंनी तारामती केली. साळुंकेंच्या तारामतीपासून दुर्गाबाईंच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षं लागली. उषा मराठे नाटकात आली तेव्हा दार उघडलेलं होतं खरं, पण फटीएवढंच. ‘चांगल्या घरातल्या मुली’ हे काम करत नाहीत, हे वाक्य हिंदू घरांत होतं, मुसलमान घरांत होतं, ख्रिस्ती घरांतही होतं. यात कोणी कोणाला हसण्यासारखं काही नाही.

१९५० चं दशक उषा किरण यांचं. १९५२ चा ‘दाग’, दिग्दर्शक अमिय चक्रवर्ती, नायक दिलीपकुमार, नायिका निम्मी, आणि त्यात उषा किरण यांची महत्त्वाची भूमिका. पुढच्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाचा ‘पतिता’, देव आनंदसोबत, आणि आता नायिका त्या स्वतः. ‘पतिता’ची गोष्ट आजही अंगावर येते. गरीब मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो, मूल होतं. आणि हे सगळं माहीत असताना नायक तिला स्वीकारतो. १९५३ साल लक्षात घ्या. त्या काळच्या बहुतेक सिनेमांत अशा मुलीला शेवटी विहीर किंवा नदी दाखवली जायची. इथे ती जगते. सिनेमाचं नाव ‘पतिता’ ठेवलं आहे, पण तो बघून बाहेर पडणाऱ्याला पतित कोण हे बरोबर कळतं. ही भूमिका स्वीकारायला हिंमत लागते. नायिकेची प्रतिमा गोरीगोमटी आणि निष्कलंक ठेवायची असते त्या धंद्यात वसईच्या मुलीने हे काम केलं, आणि तेही आरडाओरडा न करता. त्यांचा अभिनय मुळातच शांत. डोळे खाली जातात, ओठ जरा आवळले जातात, आणि तुम्हाला सगळं समजतं.

१९५४ चा ‘बादबान’. बॉम्बे टॉकीज ही नावाजलेली कंपनी तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती, तिचा हा शेवटचा सिनेमा. फणी मजुमदार दिग्दर्शक. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि उषा किरण. फिल्मफेअरने सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार देणं त्याच सुमारास सुरू केलं, आणि तो पहिलाच पुरस्कार ‘बादबान’साठी उषा किरण यांना मिळाला. समोर मीनाकुमारी असताना. हिंदी सिनेमातल्या त्या पुरस्काराच्या यादीत सगळ्यात वरचं नाव वसईच्या मुलीचं आहे. मुलांना सामान्यज्ञान शिकवताना हा प्रश्न मी हमखास विचारते, आणि उत्तर आलं नाही तरी रागवत नाही.

१९५७ मध्ये हृषिकेश मुखर्जींनी पहिला सिनेमा काढला, ‘मुसाफिर’. एकच भाड्याचं घर आणि त्यात एकामागून एक राहायला येणारी तीन कुटुंबं. तिसऱ्या गोष्टीत दिलीपकुमार आणि उषा किरण. दिलीपकुमार पुढे मुंबईचे शेरीफ झाले, आणि १९९६-९७ मध्ये उषा किरणही शेरीफ झाल्या. मानाचं पद, अधिकार फारसे नसतात. तरी ज्या शहरात वसईहून वाफेच्या गाडीने जायचं, त्या शहराने या बाईंना तो मान दिला.

मराठी सिनेमाही त्यांनी सोडला नाही. १९५९ चा ‘शिकलेली बायको’. वसंत प्रभूंचं संगीत, पी. सावळारामांची गाणी, समोर सूर्यकांत. गाणी अजून रेडिओवर लागतात. त्या काळात ‘शिकलेली बायको’ हे शब्द कौतुकाने कमी आणि टोमण्याने जास्त उच्चारले जायचे. आजही आपल्या वस्तीत स्थळ बघताना ‘मुलगी जास्त शिकलेली नको’ असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः बी.एड. करायला निघाले तेव्हा एका नातेवाईक बाईने माझ्या अम्मीला म्हटलं होतं, ‘अगं, अजून किती शिकवणार? चष्म्याचा नंबर वाढेल, स्थळांचा कमी होईल.’ अम्मी हसली आणि फीचे पैसे मोजत राहिली.

आता ‘काबुलीवाला’. १९६१. टागोरांची गोष्ट, बिमल रॉय निर्माते, हेमेन गुप्ता दिग्दर्शक, सलिल चौधरींचं संगीत. बलराज साहनी रहमत पठाण झाले, आणि छोट्या मिनीची आई उषा किरण. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. काबूलहून सुका मेवा विकायला कलकत्त्यात आलेला रहमत. मिनीएवढीच त्याची मुलगी दूर गावी आहे. मिनीत तो तिला बघतो. मिनीचा बाप लेखक, त्याला यात काही गैर वाटत नाही. पण आई घाबरते. हा परका माणूस, दाढीवाला, पगडीवाला, झोळीवाला. मुलं पळवणारे असेच असतात ना?

मी हा सिनेमा वर्गात दाखवते तेव्हा मुलं आईवर चिडतात. ‘टीचर, ती वाईट आहे.’ मी म्हणते, नाही. आई घाबरली म्हणून वाईट होत नाही. तुमची अम्मी घाबरत नाही का? उषा किरण यांनी ती आई खलनायिका होऊ दिली नाही, हेच त्यांचं मोठं काम आहे. भीती दिसते, पण तिच्या मुळाशी असलेली माया आधी दिसते. भीती घालवायची असेल तर घाबरणाऱ्याला राक्षस ठरवून चालत नाही. ही गोष्ट मी बी.एड.च्या पुस्तकात वाचली नाही, ‘काबुलीवाला’ पाहून शिकले.

उषा किरण यांनी डॉक्टर मनोहर खेर यांच्याशी लग्न केलं. मुलगा अद्वैत, मुलगी तन्वी. आणि आता गोष्ट अशा वळणावर येते जिथे आपल्या वाचकांनी जरा सरसावून बसावं.

तन्वी खेर आज आपल्याला तन्वी आझमी म्हणून माहीत आहेत. त्यांचं लग्न छायाचित्रकार बाबा आझमींशी झालं. बाबा म्हणजे कैफी आझमी आणि शौकत कैफी यांचा मुलगा, शबानाचा भाऊ. वसईच्या उषा मराठे आणि हैदराबादच्या शौकत अशा विहीणी झाल्या.

या दोन बायका शेजारी ठेवून बघा. शौकत आपांनी १९४७ साली कैफींशी लग्न केलं आणि मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कम्यूनमध्ये एका खोलीत संसार मांडला. पृथ्वी थिएटर आणि इप्टाच्या नाटकांत कामं केली. ‘गर्म हवा’मध्ये त्या सलीम मिर्झांच्या बायको होत्या, फाळणीनंतर आग्र्यात राहायचं की जायचं या विवंचनेत पिचणाऱ्या घरातली बाई. तिथे नवरा होते बलराज साहनी. म्हणजे एकाच बलराज साहनींसमोर एक विहीण ‘काबुलीवाला’त परक्या मुसलमानाला घाबरणारी हिंदू आई झाली, आणि दुसरी ‘गर्म हवा’त आपल्याच गावात परकी ठरत चाललेली मुसलमान आई झाली. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ बघा. मला वाटतं, या देशातल्या भीतीच्या दोन्ही बाजू तेवढ्यात कळतात.

आणि तन्वी? १९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची ‘मिर्झा गालिब’ मालिका आली. नसीरुद्दीन शाह गालिब, आणि उमराव बेगम तन्वी आझमी. मी तेव्हा लहान होते. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि मालिका लागली की सगळे तिथे. मोठ्या माणसांना शेर कळायचे, आम्हा मुलांना उमराव बेगमचा चेहरा कळायचा. गालिबची सात मुलं झाली आणि एकही जगलं नाही. नवरा शेरांत दुःख सांडू शकतो, जुगार खेळू शकतो. बायकोकडे काय? जानमाज. तन्वींनी ते दुःख जानमाजवर बसून दाखवलं. आमच्या नानीला कोणीतरी सांगितलं की ही मुलगी मुळात मराठी आहे. नानीचा विश्वासच बसेना. ‘इतकं साफ बोलते, मराठी कशी असेल?’

नानीच्या त्या वाक्यावर मी पुढे खूप विचार केला, कारण माझी सगळी नोकरी त्याच वाक्याच्या अवतीभवती चालली आहे. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते आणि गरज पडली तर उर्दूचे तासही घेते. उर्दू लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही, ‘ण’लाही नाही. मुलं ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात, मग ‘आईने बाळाला मांडीवर घेतले’ या वाक्यात आई मांडीवर केस घेऊन बसते. वर्ग हसतो, मीही हसते. उलट बाजूला मराठी माणूस ‘ग़ज़ल’ म्हणायला गेला की नुक्ते वाटेत सांडतात. दोन्हीकडे जीभ वळवायला सराव लागतो, एवढंच. धर्म लागत नाही. वसईच्या आईच्या मुलीने दिल्लीच्या बल्लीमारानची बेगम उभी केली, आणि ती बेगम खोटी वाटली नाही. मग नालासोपाऱ्याच्या अन्सारीच्या मुलीने अस्सल मराठी बोललं तर लोकांनी ‘तू मुसलमान वाटत नाहीस’ असं का म्हणावं? हे वाक्य मी बसमध्ये, बँकेत, पालक सभेत ऐकलं आहे. म्हणणाऱ्याला ती स्तुती वाटते.

अजून एक योगायोग सांगते. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त तन्वी आझमींनी बाजीरावांची आई राधाबाई केली. भूमिकेसाठी डोक्याचे केस पूर्ण काढले. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राधाबाईंचा दुसरा मुलगा कोण? चिमाजी अप्पा. ज्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला तेच. म्हणजे वसईत जन्मलेल्या बाईंच्या मुलीने वसई जिंकणाऱ्याच्या आईची भूमिका केली. आणि पडद्यावरची ही सासू मुसलमान आईच्या पोटी जन्मलेल्या मस्तानीला सून म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नाही. ती साकारणारी अभिनेत्री स्वतः आझमींच्या घरची सून. भूमिका ती भूमिका, हे मला कळतं. तरी तो सिनेमा बघताना माझ्या मनात हे सगळं एकाच वेळी चाललं होतं.

या दोन घरांत आपसात काय बोलणी झाली ती त्यांची खाजगी बाब. जगासमोर आहे ते एवढंच की लग्न झालं, टिकलं, दोघांनी आपापलं काम केलं. बाबा आझमींनी २०२० मध्ये ‘मी रक़्सम’ हा सिनेमा दिग्दर्शित केला. कैफींच्या मिजवां गावात चित्रित झालेली ही गोष्ट एका मुसलमान शिंप्याची. त्याच्या मुलीला भरतनाट्यम शिकायचं आहे. आपले लोक म्हणतात हे आपलं नाही. पलीकडचे म्हणतात हे तुमचं नाही. बाप मात्र मुलीचा हात सोडत नाही.

हे आज लिहावंसं वाटण्याचं कारण फक्त जुन्या सिनेमांचं प्रेम नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वसईचं नाव देशभर गाजलं ते एका तरुण मुलीच्या भीषण खुनामुळे. ती मुलगी आपली होती, वसईची होती. तिच्यासाठी आपल्या घरांतही बायका रडल्या. गुन्हेगाराला कडक शिक्षा व्हावी यात दुमत असायचं कारणच नाही. पण त्यानंतर काय झालं तेही आपण पाहिलं. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. चर्चा मुलींना मारहाणीपासून वाचवायचं कसं, याची व्हायला हवी होती. झाली ती कोणी कोणाशी बोलावं याची. कॉलेजात एकत्र अभ्यास करणाऱ्या मुलामुलींकडे लोक वळून बघू लागले. दोन्हीकडच्या आयांनी आपापल्या मुलींना घरात ओढलं. त्या वातावरणात मी एकदा वर्गात सहज म्हणाले, ‘याच वसईत एक बाई जन्मली, तिची मुलगी आझमींच्या घरात गेली, आणि दोन्ही घरं आजही सन्मानाने जगतात.’ वर्ग शांत झाला. मुलांना कोणी अशी गोष्ट सांगितलीच नव्हती. मी कोणाला कोणाशी लग्न करा असं सांगत नाही. ते माझं काम नाही. पण एका भयंकर घटनेची आठवण असेल, तर एका चांगल्या घटनेचीही असावी.

आता मुलींच्या नाटकाबद्दल. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय मराठी एकांकिका स्पर्धेसाठी मी नववीतल्या एका मुलीला निवडलं. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, आणि ‘ळ’ असा की मराठी शाळेतल्या मुलींनी ऐकावा. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. मला वाटलं, आता मजहबवर बोलतील. ते बोलले दुसरंच. ते नायगावला मालिकांच्या सेटवर सुतारकाम करतात. नायगाव पूर्वेला आता किती सेट उभे आहेत तुम्हाला माहीत आहे. ज्या हवेल्या आणि बंगले आपण रोज रात्री टीव्हीवर बघतो ते तिथे प्लायवूडचे असतात, आणि ते ठोकणारे हात आपल्याच वस्त्यांमधले.

ते म्हणाले, ‘मॅडम, मी रोज बघतो ना तिथे. पोरी सकाळी सातला येतात, रात्री शेवटच्या लोकलने जातात. पैसे नव्वद दिवसांनी. बसायला धड जागा नाही. कोणी कसंही बोलतं. मला स्टेजची भीती नाही, स्टेजनंतरची आहे.’

त्यांना दकियानूसी म्हणून मोकळं होता आलं नसतं. बाप खरं बोलत होता. आपण नेहमी ‘समाज मागासलेला आहे’ एवढं म्हणून थांबतो. पण मुलीला पाठवायची भीती कित्येकदा रस्त्याची, रात्रीची, कामाच्या जागेची असते. मुली मोकळेपणाने पुढे याव्यात असं वाटत असेल तर त्या जागा आधी माणसांसारख्या करायला हव्यात. वेळेवर पैसे, स्वच्छ खोली, घरी सोडायला गाडी. उपदेश फक्त बापाला करून काय उपयोग?

मी त्यांना एवढंच म्हटलं, ही शाळेची स्पर्धा आहे, मी स्वतः घेऊन जाईन, घरापर्यंत सोडीन. आणि मग उषा किरण यांची गोष्ट सांगितली. वसईची मुलगी, पाच बहिणी, नाटक, सिनेमा, पुढे मुंबईची शेरीफ. ते ऐकत राहिले. म्हणाले, ‘शेरीफ म्हणजे?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘घेऊन जा. पण आठच्या आत घरी.’

स्पर्धेच्या दिवशी ते कामावर खाडा करून आले आणि शेवटच्या रांगेमागे उभे राहिले. नंबर आला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. ‘मराठी बरोबर बोलली ना? लोक हसले नाहीत ना?’ मी म्हटलं, नाही हसले. टाळ्या वाजल्या. त्यांनी मान हलवली आणि मुलीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

ती मुलगी पुढे कॉलेजात गेली. तिथेही नाटकाचा ग्रुप आहे. तिचे अब्बा अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणालेले नाहीत. मध्ये ती भेटली तेव्हा तिने मला उषा किरण यांचे सिनेमे कुठे मिळतील ते विचारलं. मी यादी दिली. आधी ‘काबुलीवाला’, मग ‘पतिता’, मग ‘मुसाफिर’, आणि घरच्यांसोबत बसून बघायला ‘बावर्ची’.

उषा किरण ९ मार्च २००० रोजी गेल्या. ‘उषःकाल’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे, वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. त्यांची नात सैयामी खेर आज हिंदी-मराठीत काम करते आहे. म्हणजे आजीने सुरू केलेली वाट तिसऱ्या पिढीपर्यंत चालू आहे.

२२ एप्रिल २०२९ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतील. तेव्हा वसई-विरारमधल्या मराठी आणि उर्दू शाळांनी मिळून एक दिवस कार्यक्रम करावा असं मला मनापासून वाटतं. फार खर्चाचं काम नाही. एक सिनेमा, एक छोटी एकांकिका, मुलींनी लिहिलेले चार निबंध. उर्दू शाळेच्या मुली मराठीत बोलतील, मराठी शाळेच्या मुली उमराव बेगमचा एखादा प्रवेश उर्दूत करतील. ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी कळवा. वेळ भरपूर आहे, पण आपल्याकडे वेळ भरपूर असला की काम राहून जातं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. आणि हो, कार्यक्रम संध्याकाळी ठेवायचा नाही. सकाळी दहाला ठेवू, म्हणजे सगळ्या मुली दिवसाउजेडी घरी पोहोचतील.